नांदगाव पेठचे कारखाने आणि आपल्या वस्त्यांतील तरुण

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर महामार्गालगत नांदगाव पेठ लागते. वऱ्हाडात नांदगाव म्हटले की दोन गावे डोळ्यांपुढे येतात. खंडेश्वराचे नांदगाव निराळे, आणि त्याचाही उल्लेख पुढे येणार आहे. पेठेच्या नांदगावाची आजची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. येथे १३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. रेमंड, सियाराम यांसारख्या कापड कंपन्यांचे कारखाने आले. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम मित्र’ योजनेखाली सात राज्यांत विशाल वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याचे उद्यान येथेच आले. सुमारे १००० एकर क्षेत्रावरील या उद्यानाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. अशा प्रत्येक उद्यानातून एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज आहे.

पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडाने कापूस पिकवला आणि कापड दुसरीकडे विणले गेले. त्यामुळे येथे सूत, कापड आणि तयार कपडे एकाच जागी होणार असतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. या एक लाखांत कोणाची मुले असतील? २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे साडेसतरा टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे चौदा टक्के आहे. म्हणजे जिल्ह्यातील दर दहा माणसांत तीन माणसे या दोन समाजांतील. कारखान्याच्या यंत्रावर, देखरेखीच्या खुर्चीवर, हिशेबाच्या टेबलावरही दहांत तीन असतील का, की ती केवळ झाडझुडीच्या आणि हमालीच्या कामावर दिसतील?

हा प्रश्न आम्ही विशेषतः तरुण मुलग्यांच्या बाबतीत विचारत आहोत. मुलींच्या अडचणी कमी आहेत असे मुळीच नाही, आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. परंतु आमच्या पाहण्यात वस्तीतील मुलगा दहावी-बारावीच्या आसपास शाळेतून जो गळतो, तो मजुरीवर जातो. घरात कमावता हात हवा असतो आणि तो हात त्याचा असतो. मेळघाटातील कोरकू तरुण सोयाबीनच्या आणि संत्र्याच्या हंगामात खाली उतरतो. दलित वस्तीतील तरुण पुण्याच्या बांधकामावर जातो. पारध्याच्या मुलाला तर गावात नुसते उभे राहिल्याबद्दलही कोणीतरी हटकते. या वयात एकदा दिशा चुकली की पुढे सरकारी योजनांची वयोमर्यादाही हातची जाते.

कोणी म्हणेल, आता जात कोण विचारतो? कारखान्याला काम येणारा माणूस हवा. या म्हणण्याची परीक्षा एका अभ्यासाने घेतली आहे, आणि तो करणारांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातील महिमापूरचे सुपुत्र, अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात होत. त्यांनी आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी मिळून वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना उत्तरादाखल ४८०८ अर्ज पाठवले. नोकऱ्या खाजगी कंपन्यांच्या, शिक्षण पदवीचे, अर्जांची पात्रता सारखी. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, दुसरे दलित, तिसरे मुस्लिम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला केवळ एक तृतीयांश होती. मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वीचा हा निकाल आहे. असाच प्रयोग अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन येथे झाला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा पन्नास टक्के अधिक उत्तरे आली.

अमेरिकेचे नाव येथे ओघाने आले असले तरी हा संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा तिकडे काय घडते याकडे मराठी माणसाने लक्ष ठेवणे नवे नव्हे.

तिकडे १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एक आदेश काढला. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीने नोकरभरतीत वर्णभेद न करणे एवढेच पुरेसे नाही. मागे ठेवल्या गेलेल्यांना संधी मिळावी म्हणून तिने स्वतःहून पावले उचलली पाहिजेत, असा त्याचा आशय होता. २०१४ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आदिवासी मुलग्यांसाठी ‘माय ब्रदर्स कीपर’ हा उपक्रम सुरू केला. त्याची रीत आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. मुलाच्या आयुष्यातील वळणे त्यांनी हेरली: शाळेत जाण्याची तयारी, तिसरीपर्यंत नीट वाचता येणे, शाळा पूर्ण करणे, पुढचे शिक्षण वा प्रशिक्षण, पहिली नोकरी, आणि पाऊल वाकडे पडले तर पुन्हा उभे राहण्याची वाट. प्रत्येक वळणावर किती मुले गळतात हे मोजावयाचे आणि तेथेच आधार द्यावयाचा. पुढे वारे फिरले. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा तो आदेशच रद्द केला. साठ वर्षे टिकलेली तरतूद एका सहीने गेली, कारण ती एका सहीनेच आली होती.

आपल्याकडे मात्र आधार कायद्याचा आहे, आणि ही गोष्ट आपल्या श्रद्धावंतांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आरक्षण सरकारी नोकरीपुरते असते, खाजगी कारखान्याच्या फाटकाशी ते संपते, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. महाराष्ट्र विधिमंडळाने २००१ साली संमत केलेला आणि जानेवारी २००४ पासून अंमलात आलेला आरक्षण अधिनियम पाहावा. अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग व इतर मागासवर्ग मिळून एकूण ५२ टक्के, हे त्यातील आकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ‘आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. शासनाची मदत मिळालेल्या संस्थांमध्ये, सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा अन्य आर्थिक सवलत मिळालेल्या संस्था आणि उद्योग यांचाही समावेश होईल, असे त्यात म्हटले आहे. उद्योग हा शब्द तेथे स्पष्टपणे आहे. व्यवहारात मात्र खाजगी उद्योगांच्या भरतीत हे स्पष्टीकरण उतरलेले आढळत नाही. औद्योगिक वसाहतीतील भूखंड, वीजदरातील सूट, भांडवली अनुदान ही सवलत नव्हे तर काय, हा प्रश्न आमदारांनी सभागृहात विचारावयाचा आहे. आम्ही कायदेपंडित नाही. पण मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही पडावा असा हा प्रश्न आहे.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे जे धोरण राज्य शासन सवलती घेणाऱ्या उद्योगांपुढे ठेवते, त्यावर राजकीय सभा गाजतात. ते असावेच. परंतु तेथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी, आणि त्यात वस्तीचा, जातीचा वा जमातीचा विचार नाही. नांदगाव पेठच्या कारखान्यात पुण्याचा तरुण घेतला तरी अट पूर्ण होते.

दुसरा कायदा याहून जुना आणि अधिक हाताशी आहे: १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. तो खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे २०१९ पासूनचे नियम सांगतात. त्याच कायद्याने मालकावर बंधन घातले आहे की ठरवून दिलेल्या व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागा अनुसूचित जाती व जमातींसाठी, आणि पुढील दुरुस्तीनुसार इतर मागासवर्गांसाठीही, राखून ठेवाव्यात. पात्र उमेदवार मिळाले नाहीत तर त्या जागा इतरांना देण्याची मोकळीक आहे. खरी मेख या मोकळिकीत आहे. उमेदवार मिळत नाहीत याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की जागा निघाल्याची बातमी वस्तीपर्यंत पोहोचलेली नसते. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा घरी बसलेला असतो आणि पलीकडे कारखान्याच्या दप्तरात ‘उमेदवार उपलब्ध नाही’ अशी नोंद होते. खालच्या पातळीवरची भरती तर बहुधा ठेकेदारामार्फत, ओळखीने होते. ज्याचा मामा आत आहे त्याला निरोप मिळतो. ज्यांच्या घरचे कोणीच कधी आत गेले नाही, त्यांना निरोप कोण देणार?

पवित्र शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर प्रवचन करताना आपण धन्याच्या औदार्यावर भर देतो: अकराव्या ताशी आलेल्यालाही त्याने पुरती मजुरी दिली. पण त्याआधीचा प्रश्नोत्तराचा प्रसंग आपण घाईने ओलांडतो. दिवसभर बाजारात रिकामे का उभे राहिलात, असे धनी विचारतो, आणि आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही, असे ती माणसे सांगतात. ती आळशी होती असे प्रभू येशू म्हणत नाही. आणि धनी त्यांना शोधायला स्वतः बाजारात जातो, तोही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा.

आता खंडेश्वराच्या नांदगावाकडे वळू. त्या तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी समाजातीलच मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ साली पारधी मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली आणि तिला नाव दिले ‘प्रश्नचिन्ह’. समाजाने आणि शासनाने ज्यांचे प्रश्न कधी सोडवलेच नाहीत, त्यांची ही शाळा. २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या आखणीत या शाळेच्या बांधकामाचा काही भाग गेला. विकासाचा रस्ता नेमका प्रश्नचिन्हावरून जावा, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

पारधी तरुणाच्या मार्गातील अडथळा केवळ गरिबीचा नाही, संशयाचा आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची जी चौकट घातली, तिच्यात पारधीही अडकले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांच्या नोंदवहीतील दृष्टी तशीच राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे तुरुंगातील कामांची जातीनुसार वाटणी आणि कारागृह नियमांतील विमुक्त जमातींविषयीचे अपमानकारक उल्लेख घटनाबाह्य ठरले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! केंद्र सरकारने २०२१ साली राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार देशातील ४,७८,६०० बंद्यांपैकी ३,१५,४०९, म्हणजे सुमारे ६६ टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतील होते. इतर मागासवर्ग हा फार मोठा समूह असल्यामुळे या एका आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. तरीही कारखान्याच्या नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जातो, तेव्हा पारधी वस्तीतील निरपराध मुलाच्या छातीत धडधड का होते, हे समजण्यास आकड्यांची गरज नाही.

या प्रश्नाची एक बाजू आपल्या अंगणातली आहे. दलित ख्रिस्ती तरुण अनुसूचित जातींसाठीच्या वरच्या तरतुदींच्या बाहेर उभा आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शीख बांधवांना आणि १९९० साली बौद्ध बांधवांना तो न्याय्यपणे मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम अद्याप बाहेर आहेत. आदिवासी ख्रिस्ती तरुणाचा जमातीचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नाही. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चप्पल शिवणाऱ्या चर्मकारांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या, तेव्हा सूसाई नावाच्या चर्मकाराला तो ख्रिस्ती असल्यामुळे टपरी नाकारली गेली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही तितकीच हलाखी टिकून असल्याचा पुरावा पुढे आला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तोच रस्ता, तीच आरी, तोच व्यवसाय; आणखी कोणता पुरावा हवा होता?

न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. ती बाजूला राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला आणि त्याची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवण्यात आली. मुदती वाढवता येतात. मुलांचे वय थांबत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी साहाय्य देणारी राज्य शासनाची स्वाधार योजना चांगली आहे. त्याच गल्लीतला, त्याच आडनावाचा ख्रिस्ती मुलगा त्या रांगेत उभा राहू शकत नाही. शिफारसपत्रासाठी धर्मग्रामाच्या कचेरीत येणारे तरुण जातीच्या रकान्यात काय लिहावे असे विचारतात, तेव्हा त्यांना सत्य लिहा असे सांगणे सोपे असते. त्या सत्याची किंमत त्यांना एकट्यांना मोजावी लागते.

या संदर्भात एक आक्षेप हमखास ऐकू येतो: अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात वाढलेले, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले न्यायमूर्ती भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. त्या वस्तीतून तेथवर जाता येते, मग अडते कोठे? त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु त्यांच्या मागे रा. सू. गवई यांच्यासारख्या पित्याचे सार्वजनिक आयुष्य होते, आणि खुद्द न्यायमूर्तींनीच १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सेंट पॉल्स हायस्कूल वा सेंट स्टीफन्स महाविद्यालयासारख्या नामांकित संस्थांत शिकणारे मूल आणि खेड्यातील लहानशा शाळेत शिकणारे मूल यांना एकाच मापाने मोजणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे त्यांनी नमूद केले. ती दोन्ही नावे ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांची आहेत, हे आपल्या लक्षात यावे.

कारण आपल्या शिक्षणसंस्थांना, अल्पसंख्याक संस्था म्हणून, प्रवेशातील आरक्षणाचे बंधन नाही. संविधानाने दिलेला तो हक्क आपण जपतो आणि जपलाच पाहिजे. पण बंधन नाही म्हणून हिशेबही नाही, असे होऊ नये. भारतीय कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेतही अस्पृश्यतेच्या प्रथा आहेत हे त्यात स्पष्टपणे मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे महागुरुस्वामी अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. आपल्या प्रत्येक शाळेत, रुग्णालयात, वसतिगृहात शिपाई किती, लिपिक किती, शिक्षक किती, आणि त्यांत दलित-आदिवासी घरांतील किती, याची मोजणी करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. तिची वाट पाहण्याचेही कारण नाही.

वसतिगृहाची शक्ती तर या भूमीला सांगावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, परंतु त्याबरोबर कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली; जागा राखली आणि जागेपर्यंत पोहोचण्याची शिडीही दिली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छात्रालय चालवले, आणि पुढे त्यांच्या शिक्षणसंस्थेने विदर्भातील बहुजनांची मुले शिकवली. आज नांदगाव पेठच्या परिसरात आयटीआय करणाऱ्या मेळघाटच्या किंवा पारधी बेड्यावरच्या मुलाला रात्री झोपायला आणि दोन वेळ जेवायला सुरक्षित जागा मिळाली, तर त्याचे निम्मे शिक्षण तेथेच होईल. आपल्या धर्मग्रामांकडे खोल्या आहेत. काही सुट्ट्यांखेरीज रिकाम्याच असतात.

आणखी एक काम धर्मग्राम मंडळे आणि युवक संघटना लगेच हाती घेऊ शकतात. आपल्या भागातील आयटीआय उत्तीर्ण तरुणांची यादी करावी; ती करताना तरुण कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नये. त्यांची शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून द्यावी. जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत, कारण पारधी आणि भटक्या घरांतून जन्माचा दाखला मिळवण्यातच अनेक महिने जातात. माहितीच्या अधिकाराखाली दोनच गोष्टी विचाराव्यात: नांदगाव पेठ वसाहतीतील प्रत्येक आस्थापनेने गेल्या तीन वर्षांत किती शिकाऊ उमेदवार घेतले, आणि राखीव जागांपैकी किती ‘उमेदवार उपलब्ध नाही’ म्हणून इतरांना दिल्या. हा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि त्याचे शुल्क दहा रुपये आहे. वस्त्रोद्योग उद्यानातील मोठी भरती सुरू होण्यापूर्वी तो गेला पाहिजे. ठेकेदारांच्या याद्या एकदा भरल्या की त्या वर्षानुवर्षे बदलत नाहीत.